विद्येच्या दाराशी अंध विद्यार्थी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांचा, हमाल-मापाड्यांचा किंवा नगरपरिषदेच्या सफाई कामगारांचा इतिहास सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. पंचवीस-तीस वर्षे आम्ही तेच काम करीत आलो आहोत. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या ओट्यावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. विद्यापीठाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. तरीही आजचा विषय आम्ही विद्यापीठांचाच घेतला आहे. विद्यापीठांनी महाजालावर जी संकेतस्थळे उभारली आहेत, ती अंध विद्यार्थ्याला वाचता येतात काय, आणि येत नसतील तर हा प्रश्न कोठून आला व तो कसा सुटेल, एवढाच हा विषय आहे. तो आम्ही का घेतला ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या संघटनेतल्या एका हमालाची मुलगी जन्मांध आहे. अंधशाळेत राहून ती ब्रेल शिकली, पुढे संगणक शिकली, आणि बी. ए. झाली. एम. ए. साठी तिने वऱ्हाडाबाहेरच्या एका विद्यापीठात बाहेरून प्रवेश घ्यायचे ठरवले. फॉर्म घरबसल्या भरायचा होता. तिचा संगणक पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. दोन संध्याकाळी ती त्या फॉर्मशी झगडली. नाव कोठे लिहायचे, जन्मतारीख कोठे लिहायची, हे यंत्र सांगेना. प्रत्येक चौकटीपाशी ते फक्त "एडिट, ब्लँक" एवढेच म्हणे. त्या विद्यापीठाने शेवटची तारीख अलीकडे आणली होती. त्याची सूचना संकेतस्थळावर होती खरी, पण ती होती सहीशिक्क्याच्या कागदाचा फोटो, आणि फोटोपाशी आले की यंत्र मुके होई. तिसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आमच्या कचेरीत आली. आम्ही ती सूचना डोळ्यांनी वाचली, तेव्हा मुदत आदल्या दिवशीच संपलेली होती. आम्ही फोन केला. पलीकडच्या कारकुनाने अगदी सभ्यपणे सांगितले, "मग कोणाकडून तरी भरून घ्यायचा होता."

मुलीचे एक वर्ष गेले. त्या कारकुनाचा आम्हांला राग आला नाही. तो जे बोलला ते आपल्यापैकी शंभरांतले नव्वद लोक बोलले असते. परंतु 'कोणाकडून तरी' हे दोन शब्द मनातून जाईनात. आम्ही वाचीत गेलो, आणि आमच्या ध्यानात आले की अंधांच्या शिक्षणाचा सगळा इतिहास म्हणजे या दोन शब्दांतून सुटण्याची धडपड आहे.

आपल्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एका कागदामुळे आले आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि दौलतराव शिंदे यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. आडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव होऊन गेला होता. समोर आर्थर वेलस्ली होता. त्या कागदाने दूरदूरच्या मुलखांचे धनी बदलले. त्या मुलखांतल्या कुणब्या-कारागिरांनी तो कागद वाचला नव्हता, तरी तो त्यांना लागू झाला. न वाचता आलेला कागदही माणसाला बांधतो, हे आपल्या गावाला निराळे सांगायला नको. विद्यापीठाची सूचना त्या मुलीला वाचता आली नाही, म्हणून ती तिला लागू व्हायची राहिली नाही.

अंध आणि विद्या यांचा विचार करताना वऱ्हाडी माणसाला पहिले नाव आठवते ते प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे. ६ जुलै १८८१ रोजी आपल्याच जिल्ह्यात लोणी टाकळी येथे त्यांचा जन्म झाला, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत त्यांची दृष्टी गेली. माधान हे त्यांचे गाव. १९१५ साली ते वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते. पण तेवढ्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. हे घडले कसे? दुसऱ्यांनी वाचावे आणि महाराजांनी ऐकावे. महाराजांनी सांगावे आणि दुसऱ्यांनी लिहून घ्यावे. बुद्धी अलौकिक, स्मरण अलौकिक, आणि भोवती वाचून दाखवणारे भक्त. ही तिन्ही एके ठिकाणी आली म्हणून एवढे कार्य झाले. आता आम्ही विचारतो ते असे की, ज्याची बुद्धी आपल्यासारखी चारचौघांसारखी आहे आणि ज्याच्या घरी वाचून दाखवायला कोणी रिकामे नाही, त्या हमालाच्या पोरीने काय करावे? समाजाची व्यवस्था अलौकिक माणसांवरून ठरवून चालत नाही. ती सामान्य माणसांसाठी करावी लागते.

सामान्य अंध माणसाच्या हाती स्वतः वाचण्याचे पहिले साधन आले ते फ्रान्सात. लुई ब्रेल हा खोगीर-सामान करणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. बापाच्या दुकानातल्या अवजाराने लहानपणी डोळ्याला जखम झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत असताना शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची उठावदार ठिपक्यांची पद्धत त्याच्या हाती आली. ती डोळस माणसाने केलेली, बोटाखाली न मावणारी होती. ब्रेलने ती सहा ठिपक्यांवर आणली आणि १८२९ साली प्रसिद्ध केली. पुढे काय झाले ते कामगारांनी तरी लक्षात ठेवावे. १८४० नंतर काही वर्षे त्याच शाळेच्या संचालकांनी ही लिपी वर्गातून हद्दपार केली. अंधांनीही डोळसांच्याच आकाराची अक्षरे बोटांनी चाचपावीत, असे डोळस शिक्षकांना वाटे. मुलांनी ब्रेल चोरून चालू ठेवली. १८५४ साली फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली. त्याच्या दोन वर्षे आधी लुई ब्रेल वारला होता. सोय कोणती चांगली हे ती वापरणाऱ्याला विचारावे, हा धडा जगाला तेव्हाच मिळाला होता.

आपल्याकडे मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी अंधांची शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. भारतीय भाषांसाठी ठिपक्यांच्या निरनिराळ्या पद्धती चालत होत्या. त्यांच्या जागी सर्वांसाठी एक भारती ब्रेल १९५१ साली ठरली, आणि १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघ स्थापन झाला. ब्रेलने फार मोठे काम केले. पण ब्रेलचा ग्रंथ जाडजूड, तो छापायला निराळा छापखाना लागतो, आणि विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकांपैकी फारच थोडी पुस्तके त्या छापखान्यापर्यंत पोहोचत. म्हणून महाविद्यालयात गेलेला अंध विद्यार्थी पुन्हा 'कोणाकडून तरी' वाचून घेण्यावरच आला.

येथे इतिहासातले दुसरे सूत्र येते, आणि ते आमच्या धंद्यातले आहे. इंग्लंडात १८९९ साली अंध कामगारांनी नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड नावाची संघटना काढली. ती धर्मादाय संस्था नव्हती, ती रीतसर कामगार संघटना होती. १९२० च्या एप्रिलमध्ये तिचे सभासद न्यूपोर्ट, मँचेस्टर आणि लीड्स येथून पायी लंडनला निघाले. "दया नको, न्याय हवा" अशा अर्थाचे फलक त्यांच्या हाती होते. लंडनला त्यांनी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांची भेट घेतली, आणि त्याच वर्षी अंधांसंबंधीचा कायदा पार्लमेंटात मंजूर झाला.

आपल्याकडे अंधांचा राष्ट्रीय महासंघ १९७० साली निघाला. १९८० च्या मार्चमध्ये दिल्लीत नोकऱ्यांची मागणी करणाऱ्या अंधांच्या मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. याच महासंघाने केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९९३ साली न्यायालयाने सांगितले की पात्र अंध उमेदवाराला मुलकी सेवेची परीक्षा ब्रेलमधून किंवा लेखनिकाच्या साह्याने देऊ द्यावी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि आठवड्याची सुटी हाती पडायला १० जून १८९० उजाडला. त्या सुटीची गोष्ट आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. अंधांच्या हक्कांची गोष्ट त्याच जातीची आहे. आपणहून कोणी काही दिले नाही.

आता यंत्राकडे वळू. १९७६ साली अमेरिकेत रेमंड कर्झवाइल यांनी छापील पान वाचून बोलून दाखवणारे यंत्र लोकांपुढे आणले. ते मोठे आणि महाग होते. १९८० नंतरच्या दशकात संगणक टेबलावर आले, आणि पडद्यावरची अक्षरे बोलून दाखवणाऱ्या आज्ञावल्या निघाल्या. त्यांनाच आज सर्वजण स्क्रीन रीडर म्हणतात. आयबीएम कंपनीत जिम थॅचर यांनी अशी एक आज्ञावली केली. मोटारसायकलच्या शर्यतीत धावणारे टेड हेंटर १९७८ च्या मोटार-अपघातात अंध झाले. त्यांनी १९८९ साली 'जॉज' नावाची आज्ञावली बाजारात आणली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'वाचेच्या साह्याने नोकरीपर्यंत पोहोचणे' असा आहे. नोकरी हा शब्द त्या नावातच आहे, हे आम्हांला विशेष वाटते. पण 'जॉज' विकत घ्यावी लागते आणि तिची किंमत गरिबाला झेपत नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने नवी आज्ञावली लिहायला घेतली; जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला मिळाला. ती 'एनव्हीडीए' नावाने जगभर फुकट मिळते. आमच्या हमालाच्या मुलीच्या संगणकावर तीच आहे.

आता ज्यांनी स्क्रीन रीडर पाहिला नाही त्यांच्यासाठी तो चालतो कसा ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. त्याला पडद्यावरचे चित्र दिसत नाही. पडद्यामागे जो मजकूर आणि ज्या खुणा लिहिलेल्या असतात, त्या तो क्रमाने वाचतो. एखादी ओळ नुसती मोठ्या अक्षरात काढली तर त्याला ते कळत नाही. 'हे शीर्षक आहे' अशी खूण मागे घातली असेल, तर अंध माणूस एक कळ दाबून शीर्षकावरून शीर्षकावर जातो, जसे आपण वर्तमानपत्र चाळतो. फॉर्मच्या चौकटीला 'वडिलांचे नाव' अशी पाटी मागे जोडलेली असेल, तर तो ती वाचतो. नसेल तर "एडिट, ब्लँक". चित्राखाली दोन शब्दांचे वर्णन लिहिले असेल तर तो ते सांगतो. कोष्टकात कोणता स्तंभ कशाचा हे लिहिले असेल, तर "मराठी, ६२ गुण" असे सांगतो. नसेल तर नुसते आकडे पाढ्यासारखे म्हणत सुटतो. पानावरचे सर्व दुवे एका यादीत ऐकण्याची त्यात सोय आहे. पण प्रत्येक दुव्यावर 'येथे क्लिक करा' एवढेच लिहिले असेल, तर अंध माणसाला "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा" हाच मंत्र वीस वेळा ऐकावा लागतो. कोठे वेळापत्रक आणि कोठे निकाल, ते त्याने कसे ओळखावे? शेवटी वाकडी-तिकडी अक्षरे ओळखून लिहा, म्हणजे तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध होईल, अशी जी कॅपचाची परीक्षा असते, तिच्यात ध्वनीची सोय नसेल तर अंध विद्यार्थी माणूस असूनही नापास होतो.

मराठी मुलखात याला आणखी एक जोड आहे. आपल्या कचेऱ्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षे कृतीदेवसारखे टंक चालत आले. त्या टंकात 'मराठी' हा शब्द लिहिला, तर यंत्राच्या पोटात तो ई, जे, के, बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवला जातो. वरून फक्त मराठी अक्षरांचा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्याला मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडरला खालची इंग्रजी अक्षरे दिसतात. मग विद्यापीठाचे मराठी परिपत्रक त्याच्या तोंडून निरर्थक बडबडीसारखे बाहेर पडते. यावरचा उपाय जुना आहे. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ सालापासून जागा आहे, आणि त्या पद्धतीने टंकलेले मराठी स्क्रीन रीडर नीट वाचतो. तीस वर्षांहून अधिक काळ उपाय हाताशी असूनही जुनी सवय सुटत नाही; आणि कारकुनाच्या सवयीचे मोल विद्यार्थी भरतो.

हे सर्व नियमबद्ध नाही असे कोणी समजू नये. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या संस्थेने संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी १९९९ साली पहिले निकष प्रसिद्ध केले. २००८, २०१८ आणि २०२३ साली ते सुधारून वाढवले. पहिल्या गाजलेल्या खटल्यांपैकी एक सिडनीचा. ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी २००० सालच्या ऑलिम्पिकच्या संकेतस्थळाविरुद्ध तक्रार केली, आणि मानवी हक्क आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय देऊन संयोजकांना २०,००० डॉलर भरपाई द्यायला लावली. विद्यापीठांवरही पाळी आली. अमेरिकेतल्या अंधांच्या महासंघाने २०१० साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाविरुद्ध अशीच तक्रार सरकारकडे नेली, आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाने सुधारणा करण्याचे लेखी मान्य करून तडजोड केली.

आपल्या देशाने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ साली आल्या. डिसेंबर २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखालच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की, संकेतस्थळावरचे कागद ई-पब किंवा यंत्राला वाचता येईल अशा पीडीएफ स्वरूपात ठेवावेत. म्हणजे सहीशिक्क्याच्या कागदाचा नुसता फोटो चालणार नाही. मग घोडे अडले कोठे? कामगार चळवळीत आम्ही जे नेहमी पाहतो तेच येथे झाले. कायदा म्हणत होता 'केलेच पाहिजे', आणि नियमांचा सूर होता 'केलेले बरे'. राजीव रातुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. तो नियम कायद्याशी विसंगत म्हणून न्यायालयाने रद्द ठरवला, आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा असे केंद्राला सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी आणखी एक निकाल आला. त्यातला एक अर्जदार अमर जैन हे अंध वकील. बँकेची ओळख-पडताळणी मोबाइलवर करताना डोळे मिचकावून दाखवा, असे यंत्र सांगते. ते अंधाने कसे करावे, असा तो प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

बंधुभगिनींनो, येथे आपल्यापैकी काही जणांच्या मनात दोन आक्षेप आले असतील. ते आमच्याही मनात आले होते.

पहिला आक्षेप असा की, अशी मुले आहेत तरी किती, आणि त्यांच्यासाठी खर्च किती करायचा? २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. त्यांतले विद्यापीठापर्यंत पोहोचणारे थोडे, हे खरे. पण ते थोडे का, हाच तर प्रश्न आहे. दार अरुंद ठेवायचे आणि आत येणारे थोडे म्हणून दार रुंद करायचे नाही, हा न्याय आपण आपल्या मुलींच्या शिक्षणाला एके काळी लावून पाहिला आहे. आणि खर्चाचे म्हणाल, तर ज्या परिपत्रकाचा फोटो काढून चढवतात, ते मुळात कोणीतरी संगणकावर टंकलेलेच असते. तो कागद छापायचा, त्यावर सही करायची, त्याचा फोटो काढायचा, आणि तो चढवायचा, यापेक्षा मूळ टंकलेली प्रत सोबत चढवणे हे कमी कष्टाचे आहे. चौकटीला पाटी लावणे, चित्राला दोन शब्द जोडणे, यांना नवे यंत्र लागत नाही. काम करताना ध्यानात ठेवावे लागते. उभे राहिलेले संकेतस्थळ नंतर दुरुस्त करायला मात्र खर्च येतो, जसा भिंत बांधून झाल्यावर खिडकी पाडायला येतो. हा दोष एकट्या आपल्या देशाचा नाही. जगातल्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे दरवर्षी यंत्राने तपासली जातात. २०२५ साली त्यांतल्या ९४.८ टक्के पृष्ठांवर असे दोष आढळले.

दुसरा आक्षेप त्या कारकुनाचा: मदतनीस आहे ना, कोणाकडून तरी भरून घ्यावे. यावर आम्ही त्या मुलीलाच विचारले. ती म्हणाली, "काका, ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरून देतात, पण पासवर्ड त्यांना सांगावा लागतो. ओटीपी त्यांना सांगावा लागतो. माझे गुण, माझी जात, बाबांचे उत्पन्न, सगळे दुकानात मोठ्याने वाचले जाते. चूक झाली तर ती माझी ठरते." आम्हांला आमचे अशिक्षित कामगार आठवले. पगाराच्या वहीवर अंगठा उठवताना आकडा किती लिहिला आहे, हे त्यांना मुकादमाला विचारावे लागे. आणि मुकादम सांगेल तो आकडा खरा. म्हणून तर साक्षरतेसाठी आम्ही रात्रीचे वर्ग चालवले. जे त्या कामगाराला हवे होते, तेच या मुलीला हवे आहे: आपला कागद आपण वाचावा.

वाट मोकळी झाली तर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. वर सांगितलेल्या दादरच्या अंधशाळेत त्या शिकल्या. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेल्या. तेथे २००३ सालापासून अंध विद्यार्थ्यांसाठी संगणकाचे स्वतंत्र केंद्र आहे. त्यांनी स्क्रीन रीडरवर अभ्यास करून मुलकी सेवेची परीक्षा दिली आणि २०१६ साली ७७३ वा क्रमांक मिळवला. तरी रेल्वेची नोकरी अंधत्वाचे कारण सांगून नाकारण्यात आली. पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या आल्या आणि भारतीय प्रशासन सेवेत गेल्या. एकाच वाटेवर १९०० सालची शाळा, १९९३ चा निकाल, संगणकाचे केंद्र आणि बोलके यंत्र कसे ओळीने उभे राहिले, ते पाहा. यांतली एक कडी तुटती, तर बुद्धी तीच असूनही त्या तेथे पोहोचल्या नसत्या.

आता दुसऱ्याचा दोष सांगितला तसा आमचाही सांगतो. हे सर्व वाचून आम्ही मोठ्या तावातावाने त्या मुलीपुढे बोललो, तेव्हा ती हसली. म्हणाली, "काका, तुमच्या संघटनेची नोटीस बाबांच्या मोबाइलवर येते. बाबांना वाचता येत नाही, म्हणून ते मला सांगतात, वाच. ती फोटोच असते." खरे होते. आमची बोनसची सूचना, सभेची सूचना, सगळ्या कृतीदेवमध्ये टंकून, छापून, त्यांचे फोटो काढून आम्ही पाठवीत होतो. ज्या घरात बाप निरक्षर आणि मुलगी अंध, त्या घराला आमची नोटीस मुकीच होती. आमच्या मनात त्यांना वगळायचे नव्हते. त्या विद्यापीठाच्याही मनात नसेल. माणसे वगळली जातात ती बहुधा अशीच, कोणाच्याही ध्यानात न येता.

आपल्या पाच जिल्ह्यांचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्थापन झाले, आणि २००५ साली त्याला संत गाडगे बाबांचे नाव मिळाले. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आपल्याच तालुक्यातल्या शेंडगावचा. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण ताटे विका आणि पोरांना शिकवा, असे ते गावोगाव सांगत फिरले, आणि त्यांच्या धर्मशाळांत आंधळ्या-पांगळ्यांना आधी जागा असे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाची लाज आणि अभिमान या तालुक्याने दुसऱ्यांपेक्षा थोडा अधिक बाळगावा, असे आम्हांला वाटते. कायदा सर्वच विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना लागू आहे. पण कायद्यावर नजर ठेवणारे कोणी नसेल, तर कारखान्यातला पाणपोईचा नियम जसा भिंतीवर राहतो, तसाच तो राहील.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. आपल्या गावातले जे कोणी महाविद्यालयात, नगरपरिषदेत किंवा बँकेत काम करतात, त्यांनी आपली पुढची सूचना फोटो न करता युनिकोडमध्ये टंकून चढवावी. ज्या संस्था नवे संकेतस्थळ करून घेतात, त्यांनी कंत्राटदाराचे शेवटचे बिल देण्यापूर्वी एका अंध विद्यार्थ्याला मानधन देऊन समोर बसवावे आणि त्याच्याकडून एक फॉर्म भरून पाहावा. तो अडेल तेथे काम अपुरे समजावे. आणि जेथे सांगूनही ऐकत नाहीत, तेथे पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. ती कशी लिहायची हे आमच्या कचेरीत कोणालाही फुकट सांगितले जाईल. या कायद्यात पहिल्या भंगाला १०,००० रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत दंड आहे, हेही त्या अर्जात लिहावे.

आम्ही आमच्या सूचना आता टंकून पाठवतो. पहिली सूचना गेली त्याच रात्री त्या मुलीचा फोन आला. सभेची तारीख आम्ही रविवारची लिहिली होती आणि वार सोमवार टाकला होता. तीनशे डोळस सभासदांपैकी कोणी ते कळवले नव्हते. तिने विचारले, "काका, सभा रविवारी की सोमवारी?" आम्ही चूक दुरुस्त करून दुसरी सूचना पाठवली. यंदाही प्रवेशाचे फॉर्म निघतील, आणि ती पुन्हा बसणार आहे.